तिरका बसलेला नट

यांना जाऊन सहा वर्षं होत आली. यांच्या हयातीत जे माझ्या तोंडातून निघालं नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही, पोटच्या लेकीजवळ नाही, ते आज तुमच्याजवळ काढतेय. तुमच्याजवळच का? तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणून असेल. आणि एक आधीच सांगून ठेवते — पदर डोळ्याला लावून बसलेली म्हातारी तुमच्या नजरेसमोर येत असेल, तर ती मी नव्हे.

गोष्ट एका नटाची आहे. हसा, खुशाल हसा. माणसं खून लपवतात, घरफोडी लपवतात, आणि ही बाई काय लपवून बसली — तर सतरा नंबरचा नट! पण पूर्ण ऐका, मग हसा.

आमचे हे रेल्वेत फिटर. रायपूरच्या क्वार्टरमध्ये आमची सगळी हयात गेली. आठवड्याचे सहा दिवस रेल्वेचे, आणि रविवार एका गाडीचा. पाठीत इंजिन असलेली ती गोलमटोल जर्मन मोटर तुम्ही पाहिली असेल. तिच्यात पाणी नसतं, इंजिन नुसतं हवेवर थंड होतं. इकडची पोरं तिला कछुआ म्हणायची, म्हणजे कासव. गावात तशा तीन-चारच होत्या, आणि त्या आजारी पडल्या की आमच्या क्वार्टरमागे कडुलिंबाखाली येऊन उभ्या राहायच्या. यांना सगळे गावंडे मिस्त्री म्हणत. मिस्त्री म्हटलं की यांची छाती चार बोटं फुगायची. फुगू दे, कामच तसं होतं यांचं. ते मी नाकारत नाही.

आता त्या गाडीची एक खोड सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिचा स्टार्टर, आमच्याकडे त्याला सेल्फ म्हणतात, तो दोन ठिकाणी कसलेला असतो. खालचा नट सोपा, समोर दिसतो. वरचा बोल्ट मात्र आरपार जातो. बोल्टचं डोकं एका बाजूला, गाडीखाली. नट दुसऱ्या बाजूला, इंजिनाच्या पंख्याच्या पत्र्यामागे. एका माणसाचे हात दोन्हीकडे पोचत नाहीत. म्हणून एकानं गाडीखाली झोपून बोल्ट फिरवायचा, आणि दुसऱ्यानं मागून पत्र्याच्या फटीत हात घालून नट धरायचा. दिसत काहीच नाही. बोटांनीच बघायचं.

तो दुसरा हात माझा होता. यांचा पंजा फावड्यासारखा, त्या फटीत जायचाच नाही. माझा कोपरापर्यंत जायचा. कितीतरी वर्षं गेला. पत्र्यानं कापलेल्या खुणा अजून आहेत. कुणाच्या लग्नात बांगड्या भरताना बायका विचारायच्या, काय झालं हो हाताला? मी म्हणायची, पोळ्या भाजताना. हे खालून ओरडायचे, "धरलं काय वो?" मी म्हणायची, "हव, धरलं." मग हे पिळायचे. शेवटी विचारायचे, "बसला?" मी म्हणायची, "बसला." माझ्या त्या एका शब्दावर हे गाडीखालून बाहेर यायचे आणि हात पुसायचे. पुन्हा तपासायची सोयच नव्हती ना.

आणि कणकेचं सांगायचं राहिलं. नट फटीत नेताना पान्यातून निसटायचा, खाली इंजिनावर कुठंतरी जाऊन बसायचा, मग अर्धा तास शोध. हे पान्यात ग्रीस लावायचे. पण रायपूरच्या मे महिन्यात ग्रीस टिकतं होय? एकदा मी परातीतून तशीच उठून गेले होते. पान्याच्या गोलात चिमूटभर कणीक दाबली, तिच्यात नट रोवला — हलेना! काम झाल्यावर कणीक वाळून आपोआप गळते. त्या दिवसापासून आमच्याकडे रविवारी सकाळी आधी गाडीची कणीक मळली जायची, मग आमची.

नवं राज्य झालं आणि रायपूर रातोरात राजधानी. भोपाळहून साहेब आले, बंगले आले, नंबरप्लेटा बदलल्या. आणि जुन्या गाड्यांना एकाएकी भाव आला. जी गाडी काल भंगारात द्यायची होती तिच्याशेजारी आज फोटो काढायचे. चौबे कॉलोनीत एक दातांचे डॉक्टर होते, पिढ्यान् पिढ्या इथलेच मराठी. त्यांच्या वडिलांची निळी कछुआ होती. डॉक्टर आता पाहुणे घेऊन यायला लागले, आमच्या कडुलिंबाखाली खुर्च्या पडायला लागल्या. मी चहा आणायची, आणि चहा ठेवून हात फटीत घालायची.

त्या रविवारी सेल्फच्या आतले झिजलेले कार्बन बदलायचे होते, म्हणजे सेल्फ काढून परत बसवायचा. डॉक्टरांबरोबर भिलाईचे तिघं आले होते. यांना बोलायला चेव चढला. कणकेची युक्ती सांगितली यांनी — आपली म्हणून! "बाजारात हजार चिजा भेटतात, पण हे माह्या डोक्यातून निघालं," म्हणाले. आयत्या बिळावर नागोबा. मी तिथंच उभी, हातात पाना, पान्यात माझीच कणीक. त्यातल्या एकानं माझ्याकडे बघून विचारलं, "भाभीजी भी मिस्त्री हैं क्या?" हे मोठ्यानं हसले. "हिले काय समजते जी," म्हणाले, "पाना धरून उभी रायते."

सगळे हसले. मीही हसले, काय करणार?

मग हे गाडीखाली गेले. मी फटीत हात घातला. नट बोल्टच्या तोंडाला लावला, यांनी खालून फिरवायला सुरुवात केली, आणि पहिल्याच वेढ्याला मला कळलं — तिरका बसतोय. आटे आट्यांत न जाता एकमेकांवर चढताहेत. बोटाला ते लगेच समजतं, भातातला खडा दाताला समजतो तसं. अशा वेळी ओरडायचं, "थांबा." हे उलट फिरवायचे, नट सोडवायचा, परत लावायचा. दहा वेळा तरी केलं असेल आम्ही तसं.

मी ओरडले नाही.

यांना खालून काय जाणवणार? पाना घट्ट लागत होता. तिरका नटही घट्टच लागतो. "बसला?" यांनी विचारलं. आणि मी काय विचार केला माहीत आहे? रागात डोकं फिरलं होतं, भान नव्हतं, असं सांगू का तुम्हाला? भान पक्कं होतं. मी मनात म्हटलं — पाना धरून उभी राहणारीला काय समजतं? ज्याला समजतं त्यानं बघावं. आणि तोंडानं म्हटलं, "बसला."

महिना-दीड महिना गाडी चालली. मग नव्या राज्याच्या कसल्याशा कार्यक्रमात जुन्या गाड्यांची रांग काढायचं कुणीतरी ठरवलं. डॉक्टरांची निळी गाडी त्यात, आणि शेजारच्या सीटवर आमचे हे. डॉक्टर स्वतः सांगायला आले होते, "गाडी माझी असली तरी जीव तुम्ही घातलाय, गावंडे." यांनी नवा सदरा शिवून घेतला. मी इस्त्री केली. त्या वेळी सांगता आलं असतं? आलं असतं. सदऱ्याची दुसरी बाही करताना शब्द ओठांवर आला होता. मला वाटलं, इतके दिवस टिकलाय, टिकेल. बघा, मी काही राक्षसीण नव्हते. पण मी गप्पच बसले, हेही तितकंच खरं.

रस्त्याच्या कडेला बायकांत उभी राहून मी पाहिलं. रांग निघाली. डॉक्टरांनी किल्ली फिरवली आणि लोखंड लोखंडावर खरवडल्याचा आवाज आला. असा की पुढच्या रांगेतल्या माणसांनी कानांवर हात ठेवले. परत किल्ली, परत तो आवाज. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. शेवटी चार जणांनी ढकलून निळी गाडी बाजूला घेतली. सदर बाजारातला एक मिस्त्री गर्दीत होता, तो खाली घुसला आणि बाहेर येऊन चारचौघांत म्हणाला, "ऊपर का नट टेढ़ा चढ़ाया है भैया, सेल्फ लटक रहा है. अंदर के दाँत भी गए." मग यांच्याकडे बघून हळूच, "दादा, ये आपका काम है?"

हे म्हणाले, "मेरा ही है. गलती मेरी है."

दुसरं काय म्हणणार होते? बायको नट धरते, हे कसं सांगणार? हिला काही समजत नाही, हे तर महिन्यापूर्वीच सांगून झालं होतं.

इथंपर्यंतचं माझ्या मनाला लागलेलं नाही. खरंच नाही. एका बोलण्याला एक नट, हिशेब फिटला. घोर वेगळाच आहे, तो आता सांगते.

घरी आल्यावर हे ओट्यावर बसले. नवा सदरा अंगातच. मी पाणी दिलं. तांब्या घेतला, आणि विचारलं — रागानं नाही हो, अगदी हळू, "तुले काही जाणवलं होतं काय? बोटाले?"

पहिल्यांदा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या माणसानं मला विचारलं की तुझ्या बोटांना काय कळलं. याच प्रश्नासाठी मी एवढी वर्षं हात कापून घेतले होते की नाही? आणि तो विचारला तेव्हा मी म्हटलं, "नाही जी. नीट बसला होता."

यांनी मान हलवली. "मंग माह्याच हातात काही राह्यलं नाही आता," म्हणाले. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, नेहमीसारखाच.

त्यानंतर यांनी गाडी धरली नाही. चोरी केली मी आणि हात गळाले यांचे. वर्षभरानं डॉक्टर आले, म्हणाले, "झालं गेलं सोडा, गाडी तशीच उभी आहे, दुसऱ्या कुणाला मी हात लावू देत नाही." डॉक्टर भला माणूस. हे तयार झाले. सतरंजी टाकली, गाडीखाली झोपले. मी कणीक मळून पाना घेऊन उभी. पाच मिनिटं झाली, दहा झाली, खालून आवाजच नाही. वाकून पाहिलं तर हे वरच्या बोल्टकडे नुसते बघत पडलेले, पाना छातीवर. मग सरकत बाहेर आले आणि डॉक्टरांना म्हणाले, "नाही जमत जी. भरोसा नाही वाटत." पन्नाशीही पुरती ओलांडली नव्हती यांनी. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. "अहो, तुमचा हात चांगला आहे, मी खोटं बोलले." मोजून बघा, किती शब्द होतात?

का नाही बोलले, तेही सांगते. भीती वाटली म्हणून नाही. यांनी कधी हात उचलला नव्हता, तेव्हाही उचलला नसता. खरं कारण हे — मला हा नवा नवरा आवडायला लागला होता. रविवारी घरात असायचा. भाजी आणायचा, आणि भाजी काय आणू हे आधी विचारायचा. स्कूटरवर मागे बसवून अभनपूरला माझ्या बहिणीकडे न्यायचा. लेकीचं स्थळ आलं तेव्हा म्हणाला, "तू सांगशील तसं करू." गावंडे मिस्त्रीनं असं मला कधी विचारलं नव्हतं. तो मिस्त्री परत आणायचं एक वाक्य माझ्याजवळ होतं, आणि मी ते गिळून टाकलं. रोज गिळलं. सोळा वर्षं.

यांनी पाने सदर बाजारच्या त्याच मिस्त्रीला देऊन टाकले. देण्याआधी मी ते रॉकेलनं पुसून, कापडात बांधून दिले. रात्री हे झोपेत उजवा हात फिरवायचे, पाना फिरवल्यासारखा. मी बघायची आणि कूस बदलायची.

आता तुम्ही म्हणाल, बाई, पश्चात्ताप झाला का? नटाचा नाही झाला. बाकीच्याचं नाव काय ठेवायचं, ते मला ठाऊक नाही, आणि तुम्ही ठेवलेलं मला नको.

एवढंच राहिलं. हे पुढे ज्याला त्याला माझं कौतुक सांगायचे. नणंदेला सांगितलं, जावयाला सांगितलं, दूधवाल्यालासुद्धा. शेवटी दवाखान्यात, जायच्या दोन दिवस आधी, सलाईन लावायला आलेल्या नर्सला थांबवून सांगितलं, "माह्यानं मोठी चूक झाली होती बाई, चार लोकांत नाक कापलं गेलं. पण हिनं एका शब्दानं बोल नाही लावला मले. आजपर्यंत नाही." नर्स माझ्याकडे बघून हसली. मी यांचं पांघरूण नीट केलं आणि म्हटलं, "पुरे जी आता, झोपा." मला ते ऐकायला आवडत होतं.