कपाळावरची आठी

माणसाला चिडवण्याची विद्या एखाद्या विद्यापीठात शिकवली जात असती, तर आमचे सांगलीचे घरमालक बिनविरोध तिथले कुलगुरू झाले असते. धंद्यानं ते लहान मुलांचे डॉक्टर. खाली त्यांचा मोजक्या खाटांचा दवाखाना, वर ते स्वतः, आणि त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून मी, साताऱ्याहून बदली होऊन आलेला चित्रकलेचा मास्तर. मी साताऱ्याचा आहे एवढं कळायचा अवकाश, पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्या आईनं बांधून दिलेला कंदी पेढा तोंडात टाकला, डोळे मिटले, "गूळ चांगला आहे हो तुमच्याकडे," असं म्हणाले आणि भडंगाच्या पुडीकडे हात वळवला. माझं नाव वसंत. त्यांनी मला कधी हेमंत म्हटलं, कधी शिशिर, आणि सर्दी झाली असेल त्या आठवड्यात नुसतं 'पावसाळा'. जिन्याखाली काढून ठेवलेल्या चपलांपैकी नेमकी एक नाहीशी झाली, तर ती त्यांच्या फाटकावर सापडायची. एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या नामांकित पैलवानाला त्यांनी फार मायेनं विचारलं, "लहानपणापासूनच अशक्त आहात का?" पैलवानानं हातातली जिलेबी खाली ठेवली. आम्ही सगळे पळायच्या बेतात होतो, आणि हे गृहस्थ चष्मा सावरून त्याचं कपाळ न्याहाळत होते.

हे कपाळ न्याहाळणं काय प्रकरण आहे, ते मला दवाखान्यात जायला लागल्यावर समजलं. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा जैन घरातला नेम, त्यामुळे संध्याकाळचं ताट व्हरांड्यातच यायचं आणि गप्पा मारायला मी लागायचो. मेंदूज्वरानं निपचित पडलेली, गोवरानंतर आकडी येऊन शुद्ध हरपलेली, झाडावरून पडून डोक्याला मार लागलेली पोरं त्यांच्याकडे लांबून यायची. सिस्टर ठरल्या वेळी बॅटरीच्या उजेडात बाहुल्या बघायच्या, नाडी-श्वास बघायच्या, तळपाय खाजवायच्या. हे सगळं डॉक्टर काटेकोर करून घेत. पण त्यांच्या मनाला घोर असायचा तो वेगळाच. "ताप काय, आज ना उद्या उतरेल," ते घास हातात धरून म्हणायचे. "उतरल्यावर आत कोण उरलंय, ते आजच कळायला हवं ना, शिशिर!"

त्यासाठी त्यांनी आपली एक तपासणी शोधून काढली होती. पोर आणलं की सगळं पाहून झाल्यावर ते आईला विचारायचे, "हे चिडतं कशानं?" झालं! बिचारी आई गोंधळून जायची. डॉक्टरसारख्या मोठ्या माणसापुढं आपल्या लेकराची खोडी कोण सांगणार? प्रत्येकीचं उत्तर एकच, "लय गुणाचं हाय ओ. कवा चिडत न्हाई." डॉक्टर खुर्ची पुढं ओढून बसायचे आणि वकिलासारखी उलटतपासणी सुरू करायचे. कुणाचं काही, कुणाचं काही बाहेर यायचं. माणदेशाकडच्या एका मेंढपाळाची मुलगी चिमटा काढला तरी हात जेमतेम ओढून घ्यायची. डॉक्टर तिच्या कानाशी वाकले आणि ओरडले, "तुझी पांढरी शेळी विकली गं! खाटकाला दिली!" मुलीच्या दोन भुवयांमध्ये बारीकशी आठी पडली. डॉक्टर असे उडाले की स्टुलावरचा पाण्याचा तांब्या लवंडला. "आठी! आठी! चहा सांगा सगळ्यांना!" असं ओरडत ते वॉर्डभर फिरले, आणि त्या मुलीच्या बापाला त्यांनी अशी काही मिठी मारली की तो घाबरून खांद्यावरचं घोंगडं टाकून उभा राहिला. "चिमटा बेडकालासुद्धा कळतो," ते मला म्हणाले. "शेळी आपली आहे आणि ती कुणीतरी नेली, हे कळायला आत सगळं घर जागं लागतं." पुढं विलायतेहून परतलेल्या मित्रानं त्यांना सांगितलं की तिकडे आता डोळे उघडणं, बोलणं आणि हातपाय हलवणं याला गुण देऊन अशा रोग्याची पारख करतात. डॉक्टर हरखले, सिस्टरना त्याच दिवशी ते शिकवलं, आणि मग आठ दिवस मित्राशी भांडत राहिले की यात रागाला एकही गुण नाही.

माझी थट्टा मात्र मी कधी मनातून माफ केली नव्हती. ती केली, ती माझ्या भाचीपायी.

माझी धाकटी बहीण इस्लामपूरकडच्या एका खेड्यात दिली होती. मेहुणे फौजेत हवालदार. त्यांची रजा संपत आली होती आणि त्याच दिवसांत त्यांची सात वर्षांची मुलगी, आमची मंगल, उसाच्या गाडीमागं लोंबकळताना निसटून दगडावर डोक्यावर आपटली. कारखान्याच्या जीपमधून तिला सांगलीला आणलं तेव्हा ती झोपल्यासारखी दिसत होती. मिरजेच्या सर्जननी येऊन तपासलं, म्हणाले, आत सूज आहे, कापाकापीचं काम नाही, वाट बघायची. आम्ही वाट बघू लागलो. श्वास नीट होता, बाहुल्या ठीक होत्या, नळीनं दूध जात होतं, पण मंगल कुठंच नव्हती. डॉक्टरनी त्यांचा प्रश्न विचारला आणि हवालदारांनी ताठ उभं राहून उत्तर दिलं, "माझी पोर चिडत न्हाई साहेब. डिशिप्लिनची हाय. मी ड्यूटीवर निघालो की दारात हुबी ऱ्हाऊन सलूट मारती." बहिणीनं मान खाली घातली.

डॉक्टरनी मग आपली सगळी विद्या पणाला लावली. तिला 'मंगळ्या' म्हणून हाका मारल्या, तिच्या रिबिनी सोडल्या, अंगावर काटा येईल अशा आवाजात गाणी म्हटली. काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात भेटले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वसंतराव, जरा बसू या." त्यांनी माझं खरं नाव घेतलं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको होतं.

मी तसाच वॉर्डात गेलो आणि बहिणीला म्हणालो, "माई, तू काहीतरी दडवते आहेस." ती आधी रडली. मग नवऱ्याकडे न बघता, पदराचं टोक चावत म्हणाली, "दादा, ती सलूट मारती त्ये खरं. पर ह्ये वळणाआड गेले की मग बघ. ह्यांचा कप आपटती, ह्यांची उशी अंगणात फेकती, मला चावती. धड बोलायला लागंस्तवर दिस जात्यात. ह्यास्नी कशाला सांगायचं? तिकडं बर्फात मानसाचा जीव टांगणीला, त्यात आनि ह्ये." हवालदार ऐकत होते. इतका मोठा गडी, पण भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला.

डॉक्टर दारातच उभे होते. त्यांच्या तोंडावर जे तेज आलं, ते मी आजवर कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. "उठा हवालदार!" ते गरजले. "बूट चढवा! ड्यूटीवर निघायचं!"

त्या दुपारी आमचे मेहुणे जितक्या वेळा ड्यूटीवर निघाले, तितक्या वेळा ते उभ्या नोकरीत निघाले नसतील. औषधांची लोखंडी ट्रंक रिकामी करून त्यांच्या हातात दिली होती. ती फरशीवरून ओढायची, बूट आपटत खाटेपाशी यायचं, "चला, निघतो मी. आईला तरास देऊ नगंस," म्हणायचं आणि दाराबाहेर जायचं. बाहेर गेले की आतून डॉक्टरांचा आवाज, "पुन्हा निघा!" इतर पोरांच्या आया गोळा झाल्या. कुपवाडहून आलेला एक कामगार आपल्या पोराला कडेवर घेऊन ट्रंक ओढण्यात चूक काढू लागला. शेवटी हवालदार दारात थबकले, घाम पुसला आणि म्हणाले, "साहेब, गोळी खाईन, पर ह्ये मला जमंना."

"अजून एकदा," डॉक्टर म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज अगदी हलका होता.

हवालदार आले. ट्रंक खरवडली. "चला," ते म्हणाले, "निघतो मी, मंगे."

मंगलच्या भुवया जवळ आल्या. मधोमध आठी पडली, चांगली ठसठशीत, लांबूनही दिसेल अशी. मग तिचा डावा हात उठला आणि तिनं उशी ढकलली. आमची सगळ्यांची एकच आरोळी झाली. डॉक्टर स्टुलावर चढून नाचत होते, सिस्टर रडत होत्या, कुपवाडकर कामगार ओळखदेख नसताना माझ्या गळ्यात पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार नुसते तोंड धुवायला निघाले तर मागून घोगरा, कुरकुरा आवाज आला, "जा की मग! कुनी आडीवलंय?"

"मेंदू शाबूत!" डॉक्टरनी दवंडी पिटावी तसं सांगितलं. "उजवा हात मागं राहील, पाढे काही महिने अडखळतील. घाबरू नका, सगळं परत येईल. हेमंत, पेढे आणा. साताऱ्याचेच आणा, सांगलीचे असल्या दिवशी चालत नाहीत." त्यांनी सांगितलं तसंच पुढं झालं. उजवा हात सावकाश सुधारला, पाढे रखडत आले.

वाढवून मिळालेली रजाही संपली आणि हवालदार सांगलीच्या स्टँडवरून पुण्याच्या गाडीत बसले. डॉक्टर दवाखाना सोडून पोचवायला आले होते. मंगलनं या वेळी सॅल्यूट मारला नाही. तिनं बापाच्या पोटऱ्यांवर लाथा मारल्या, सदऱ्याचं बटण तोडलं, आणि सगळा स्टँड वळून बघेल असं भोकाड पसरलं. बहीण सवयीनं तिचं तोंड दाबायला धावली. खिडकीतून हवालदार म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मला बघू दे तिला." गाडी हलली तरी ते मान वळवून बघतच होते.

डॉक्टरनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. तिकडे त्यांच्या वॉर्डात त्या आठवड्यात आणखी दोन पोरं निजलेली होती, ज्यांच्या कपाळावर अजून काहीच उमटलं नव्हतं. त्यांना परत जायची घाई असणार. मी म्हटलंही, "डॉक्टर, निघायचं का?"

"थांबा हो जरा," ते म्हणाले. "तिचं रडून होऊ दे."

गाडीची धूळ खाली बसली. ऊन चढलं. कुणीही तिला गप्प केलं नाही, आणि ती दमेपर्यंत आम्ही सगळे तिथंच उभे राहिलो.