सुकटीचा वास कुणी घ्यायचा

आमच्या घरात खाण्याच्या वस्तूंचा शेवटचा निकाल सासूबाईंचं नाक द्यायचं. तेल ताजं की खवट, तांदूळ नवा की जुना, कालचं कालवण आज चालेल की मांजरापुढे जाईल, सगळं त्या नाकाजवळ नेऊन ठरवायच्या. रोह्यात आमच्या आळीतले लोक दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचायचे. आमच्याकडे पिशवी फोडून सासूबाईंपुढे धरली जायची. मी पेणची, बाजारपेठेत वाढलेली. ताजे मासे आवडीने खाणारी, पण सुक्या मासळीला नाक मुरडणारी. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी सुकटीचा डबा उघडला, की मी मागच्या दाराशी जाऊन उभी राहायचे. "पळाली बघा नाक घेऊन," असं त्या भिंतीला सांगायच्या.

त्या नाकाचा मोठा दिवस म्हणजे आगोटीचा बाजार. आगोट म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर करायची बेगमी. होड्या बंद होणार, ताजी मासळी मिळेनाशी होणार, म्हणून वैशाखातच बोंबील, जवळा, वाकट्या, सोडे भरून ठेवायचे. सासूबाईंचं माहेर कासूच्या पलीकडे खाडीकाठी, मिठागरात राबणारं घर. आगोट भरल्याशिवाय त्यांना झोप लागायची नाही. दरवर्षी त्या एसटीने पेणच्या बाजाराला जायच्या आणि पिशव्या धरायला मला न्यायच्या. गोणपाटावर मासळी मांडून बसलेल्या बाईसमोर उकिडव्या बसायच्या, एक बोंबील उचलून मधोमध कडकन मोडायच्या आणि नाकाशी धरायच्या. पटला तर म्हणायच्या, "भर." नाही पटला तर काही न बोलता उठायच्या. विकणाऱ्या बायका त्यांना जाम वचकून असायच्या, पण आल्या नाहीत तर चौकशीही करायच्या.

मग तो रोग आला आणि बाजारच बंद झाला. पहिल्या उन्हाळ्यात आमच्या घराचा ताबा नवऱ्याने घेतला. तो धाटावला केमिकल कंपनीत. शिफ्ट चालू होत्या, त्यामुळे जाणं-येणं चालू होतं आणि कंपनीत शिकवलेलं सगळं तो घरी येऊन आमच्यावर लागू करायचा. टोमॅटो सोड्याच्या पाण्यात, कोथिंबीर मिठाच्या पाण्यात, बिस्किटांचे पुडे साबणाच्या फडक्याखाली. पिशवीतली साखर तेवढी वाचली. भाजीवाला फाटकाशी टोपली ठेवून लांब उभा राहायचा, आम्ही लांबूनच "ती नको, ती पलीकडची" असं ओरडायचो. निवडून घेणं संपलं. जे येईल ते घ्यायचं आणि धुवायचं.

त्यात सासूबाईंनी माहेरच्या ओळखीतल्या बाईकडे निरोप धाडून आगोटीची मासळी मागवली. बाई मोठं गाठोडं फाटकापाशी ठेवून गेली. आम्ही दोघी स्वयंपाकात होतो. शिफ्टवरून आलेल्या नवऱ्याने गाठोडं पाहिलं आणि आपलं कर्तव्य पार पाडलं. अख्खी सुकी मासळी त्याने न्हाणीघरात टबात घातली आणि कढत पाण्याने धुतली. उन्हात खडखडीत वाळवलेले बोंबील फुगून वर आले. वास इतका पसरला की समोरच्या घरातून फोन आला, कुणी गेलंय का म्हणून. सासूबाई टबाकडे बघत राहिल्या आणि मुलाला म्हणाल्या, "आता याना कपडे घाल नि शाळेत धाड." आम्ही सगळं पुन्हा गच्चीवर वाळत घातलं, पण आभाळ भरून यायला लागलं होतं. निम्म्याला बुरशी आली. तो पावसाळा सोयाबीनच्या वड्या, अंडी आणि पाकिटातल्या शेवयांवर निघाला. आम्ही पुष्कळ हसलो तेव्हा.

पुढच्या उन्हाळ्यात हसायचं राहिलं नाही. सासूबाईंना रोगाने गाठलं. इस्पितळातून त्या परत आल्या, हेच खूप म्हणून आम्ही देवासमोर साखर ठेवली. आठवड्याने मी त्यांच्या आवडीची सुकट केली, रोगावर सूड म्हणून भरपूर लसूण घालून. त्यांनी घास तोंडात घेतला, चावला, गिळला. मग ताट बाजूला सारलं.

"काय झालं आई? तिखट झालं का?"

"तिखट नाय, मीठ नाय. काय वासच येत नाय गो. माती खाल्ल्यावानी लागतंय."

डॉक्टर म्हणाले येईल वास, कुणाला लवकर येतो, कुणाला उशिरा. तोवर खात राहा. सांगायला काय जातं. सासूबाई खात नव्हत्या. आम्ही ताटाशी बसलो की दोन घास घ्यायच्या, बाकीचं गुपचूप मांजराला. दंडाची कातडी लोंबायला लागली, बांगड्या कोपरापर्यंत वर जाऊ लागल्या. मी कैरी चेचून दिली, कोकमाचं सार दिलं, मिरचीचा ठेचा दिला, शेजारणीने सांगितलं म्हणून संत्र्याची साल भाजून हुंगायला दिली. त्यांनी सगळं केलं आणि सगळ्यानंतर तेच म्हणाल्या, नाय येत. मग त्या स्वयंपाकघरात यायच्याच बंद झाल्या. मला त्यांचा रागही यायचा आणि भीतीही वाटायची. भरल्या घरात ही बाई उपाशी संपून जाईल, माझ्या देखत, असं वाटायचं.

वर्ष तसंच गेलं. बाहेर जग मोकळं झालं, पण खरेदीची रीत बदलली ती बदललीच. पूर्वी कासूकडून टोपली घेऊन येणारी मासळीवाली आता दारात येत नव्हती. ती सकाळी फोनवर फोटो पाठवायची आणि हवं ते सांगितलं की मुलाच्या स्कूटरवर पोचवायची. फोटोत सगळेच मासे ताजे दिसतात. आळीतल्या बायका महिन्याचं वाणसामान अंथरुणात पडल्या पडल्या मागवायला शिकल्या होत्या, आणि मीही शिकले होते, खोटं कशाला सांगू. वैशाख आला तेव्हा नवरा म्हणाला, आगोटही फोनवरूनच मागवू. सासूबाई म्हणाल्या, "मागव." एवढंच. ज्या बाईने आयुष्यात पारखल्याशिवाय मिरची घेतली नाही, ती "मागव" म्हणाली, ते मला त्यांच्या आजारपणापेक्षा जास्त लागलं.

जवळ्याची पिशवी आली. चकचकीत, छापील नावाची, वर झिंग्याचं चित्र. मी ती ओसरीवर परातीत ओतली आणि सासूबाई शेजारी बसून होत्या म्हणून सवयीने परात त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी मूठभर जवळा उचलला, दाबला आणि सोडला. तो मुठीच्या आकारातच खाली पडला. त्यांनी बोटं एकमेकांवर घासली.

"ओला हाय. वजनाला पानी मारलाय. नि रेती हाय खाली."

परात हलवली तर खरंच तळाशी रेती होती. मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. मिठागरात वाढलेल्या बाईची बोटं ती, मीठ कोरडं की दमट हे चिमटीत कळणारी. नाक गेलं म्हणून आम्ही सगळ्यांनी, त्यांनी स्वतःसुद्धा, अख्ख्या बाईलाच निकालात काढलं होतं.

"आई, उद्या पेणला जायचंय. आगोट भरायला."

"मी येऊन काय करू? नाक मेलंय माझा."

"हात मेलेत का?"

असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. नवरा म्हणाला, उन्हाचं कुठे नेतेस, चक्कर येईल. मी म्हटलं, आली तर रिक्षा करीन, पण नेणार. रात्री त्यांचं चांगलं लुगडं काढून उशाशी ठेवलं. सकाळी उठून पाहिलं तर त्या ते नेसून ओट्यावर बसलेल्या होत्या, तोंड फुगवून, पण तयार.

पेणच्या बाजारात त्यांची नेहमीची मासळीवाली जागेवरच होती. सासूबाईंना बघून तिने पदराने गोणपाट झटकलं.

"किती वाळलीस गो बाय," ती म्हणाली. "ये, बस."

सासूबाई बसल्या. बोंबील उचलला, मोडला. कडकन आवाज आला. हात सवयीने नाकाशी गेला आणि तिथेच थांबला. मासळीवाली त्यांच्याकडे बघत होती, मी बघत होते. सासूबाईंचे डोळे भरून आले. आता या उठतील आणि पुन्हा कधी इथे येणार नाहीत, असं मला वाटलं. मी खाली बसले, त्यांचा हात धरला आणि तो तुटका बोंबील माझ्या नाकाशी आणला.

"मी घेते वास. काय बघायचं ते सांगा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं परातीतल्या जवळ्याकडे पाहिलं होतं.

"येतोय?"

"येतोय." डोळ्यांत पाणी येईस्तोवर येत होता.

"कसला? उन्हाचा का गोनीचा?"

मला कळेना. त्यांनी मासळीवालीकडून गोणीत पडून राहिलेला जुना माल मागून घेतला. एक हा, एक तो. पुन्हा घे. तोंड वाकडं करू नको. खोल घे. हळूहळू कळायला लागलं. एकाचा वास खारट आणि कोरडा, सरळ आत जाणारा. दुसऱ्याच्या मागे काहीतरी कुबट, बंद खोलीतलं. "हा उन्हाचा," मी म्हटलं. सासूबाईंनी बोटांनी पुन्हा एकदा चाचपून पाहिला आणि म्हणाल्या, "भर." मासळीवाली हसली. म्हणाली, "सुनेला नाक फुटला गो." बाजारभर आम्ही तशाच फिरलो, त्या दाबत, मोडत, मी हुंगत. परतीच्या एसटीत माझ्या कपड्यांना इतका वास येत होता की शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

दुपारी मी जवळा भाजला. लसूण, कांदा, शेवटी कोकम. तांदळाच्या भाकऱ्या केल्या. सासूबाई बऱ्याच महिन्यांनी चुलीजवळ पाट घेऊन बसल्या. पहिला घास हातात धरला, पण तोंडात घातला नाही.

"सांग," त्या म्हणाल्या.

मी सांगायला लागले. लसूण लाल झालाय, त्याचा वास सगळ्यांच्या पुढे आहे. जवळ्याचा मागून येतोय, भाजलेला, खारा. कांद्याचा गोडसर. कोकम आत्ताच पडलंय, ते अजून नीट मिसळलेलं नाही. भाकरीला तव्याचा जरासा धूर लागलाय. त्यांनी घास घेतला, सावकाश चावला. डोळे मिटलेले. दुसरा घेतला. मी सांगत राहिले, तेच तेच पुन्हा, शब्द संपले तरी, कारण थांबले तर त्या थांबतील असं वाटत होतं. नवरा दारात उभा राहून ऐकत होता. त्याला हसावं की काय करावं ते कळत नव्हतं. मांजर पाटाजवळ येऊन बसलं होतं आणि आज त्याच्याकडे काही सरकत नव्हतं.

तो वास त्यांना पुढे कधी आलाच नाही, अजूनही येत नाही. दर वैशाखात आम्ही दोघी पेणला जातो, त्यांचे हात आणि माझं नाक. पण त्या दुपारी मला हे काही ठाऊक नव्हतं. मी आपली लसूण, कांदा, कोकम करत होते, तेवढ्यात त्यांनी डोळे उघडून रिकामं ताट पुढे केलं.

"पुरे गो आता. बोलत काय बसलीस? भाकरी वाढ."