पुसायला सांगितलेले हात

"ये हाथ हटाओ," राइस मिलचा शेठ म्हणाला. त्याचं बोट माझ्या स्क्रीनवर टेकलं होतं. "चावल खाने की चीज है. ये हाथ दिखाओगे तो कौन खाएगा?"

फोटोत मिलच्या आवारात दोन बाया तांदूळ पाखडत बसल्या होत्या. त्यातली एक माझी माय. फोटो मीच काढलेला, शेठच्याच वेबसाइटसाठी. ती माझी माय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तिचं नावही ठाऊक नव्हतं. माय म्हातारी झाली त्याच्या मिलमध्ये. तो ओळखायचा फक्त आमची वस्ती. त्याच्या घरच्या कार्यात वस्तीतल्या बायांची पंगत वेगळी, मांडवाबाहेर.

लग्नाआधी मी गोंदियात वेबसाइटी बनवायचे. मग सौंदडचं सासर, लेकरं. संगणक सुटला. नवरा गेल्यावर लेकरं घेऊन मायकडे परत आले, तर माझं जुनं सॉफ्टवेअर कोणी विचारत नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून नवं शिकले. एका डिझाइनच्या दुकानात काम मिळालं. ही वेबसाइट माझं परतल्यावरचं पहिलं मोठं काम.

पूर्वी फोटोतून माणूस काढायला अख्खी दुपार जायची. कडेकडेने कापायचं, मागची भिंत हाताने भरायची. आता माणसाभोवती गोल ओढायचा. बस. मागचं सगळं सॉफ्टवेअरच रचतं.

दुकानदार माझ्या खुर्चीमागे आला. माझ्या हातावर हात ठेवून त्यानेच माउस फिरवला.

माय गेली. शेजारचीही गेली. दोघींच्या जागी पोती आली. सावलीसकट, अगदी खरी. जणू तिथे कधी कोणी बसलंच नव्हतं.

"अब गोरे हाथ डालो, मेहंदीवाले," शेठ म्हणाला. " लिखो, मॅडम."

काय हवं ते लिहिलं की सॉफ्टवेअर तसं चित्रही रचून देतं. माझी बोटं कीबोर्डवर होती. मांडवाबाहेरची पंगत आठवली. यांनी आम्हाला आजवर असंच काढलं. आता ते माझ्याच हातून करवून घेऊन राहिले होते. हेच करायला मी परत शिकले का?

मी अनडू दाबलं. सूप घेऊन माय परत आली.

"ते हात माह्या मायचे आहेत," मी म्हटलं. "मी नाही पुसत."

शेठने मला नीट पाहिलं. पण विचारलं दुकानदाराला. "उसी बस्ती की है क्या?"

मघाशी मीच आणून दिलेला चहा शेठने बोटाने दूर सारला.

उद्यापासून येऊ नका, असं दुकानदाराने संध्याकाळी सांगितलं. त्याच आठवड्यात मायचंही मिलमधलं काम गेलं. ती माझ्यावरच चिडली.

"फोटोच त होता वं. काऊन तोंड चालवलंस?"

तिचा राग खरा होता. चूल तिच्याच मजुरीवर पेटत होती.

वेबसाइट दुसऱ्या कोणी पुरी केली. मी उघडून पाहिली. गोरे हात, मेहंदी, पांढरा तांदूळ.

आता वस्तीतल्या एका पोरीच्या लॅपटॉपवर बसते. शहरातल्या दोन दुकानांनी नाही म्हटलं. माझी गोष्ट माझ्याआधी तिथे पोचली होती. तिसऱ्या दुकानात जाईन. हे सॉफ्टवेअर अजून शिकेन, यांच्या कोणाहीपेक्षा जास्त. पण आमचं माणूस मी पुसणार नाही. जो पुसायला सांगेल त्याला तोंडावर नाही म्हणेन, आणि त्याने काय पुसायला सांगितलं ते चारचौघांत, त्याचं नाव घेऊन सांगेन.