मठाच्या पंगतीत उंट

कॅथलिक मठाच्या फाटकापाशी मी बसमधून उतरलो तेव्हा माझ्या एका खांद्याला कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या खांद्यावर तांदळाचं गाठोडं. हातातल्या थैलीत तूरडाळ, गुळाची ढेप, नारळ आणि विड्याच्या पानांत गुंडाळलेली दक्षिणा. मठात जायचं तर शिधा न्यायचा, स्वामींपुढे रिकाम्या हाताने उभं राहायचं नाही, हे माझ्या आत्याचं शास्त्र. मठ कुठल्या देवाचा, हा तिच्या दृष्टीने किरकोळ तपशील होता. फाटक उघडायला पांढऱ्या झग्यातले एक म्हातारे ब्रदर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं, नारळाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग एक शब्दही न बोलता त्यांनी शिधा उतरवून घेतला आणि पानं तेवढी दक्षिणेसकट माझ्या खिशात परत कोंबली.

आमच्या घराची हकिगत आधी सांगायला हवी. वडिलांकडचे लोक म्हैसूरच्या जुन्या फौजेतले मराठे. फौज गेली, घोडे गेले, उरला देव्हाऱ्यातला खंडोबा आणि अर्धं कन्नड मिसळलेलं मराठी. आई वसईची, ख्रिस्ती. ते लग्न कसं जमलं ती गोष्ट मी वेगळ्या तिकिटावर सांगतो. इथे एवढंच की तहात ठरल्याप्रमाणे माझा बाप्तिस्मा आईच्या चर्चमध्ये झाला आणि खंडोबाचा भंडाराही माझ्या कपाळाला चुकला नाही. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका, आमच्याच घरी राहायची.

बी.कॉम. होऊन मी घरी बसलो होतो तेव्हा एका रात्री जेवताना मी सांगून टाकलं की मला पाचारण आलंय असं वाटतं.

"पाचारण म्हणजे?" आत्याने विचारलं.

"देव आपल्या कामाला बोलावतो, वन्सं," आई म्हणाली. "आमच्या वसईला घरटी एकाला बोलावतो. माझा भाऊ फादर आहे, दोन मावश्या सिस्टर आहेत. आमचा वाटा आम्ही दिलाय. मला हा एकच आहे."

"एकच आहे म्हणून काय झालं, वहिनी? घरात संन्यासी निघायला पुण्य बेकु. सुम्मने नाही मिळत." आत्याचं मराठी असंच. 'लागतं' म्हणायचं तिथे बेकु आणि 'उगाच' म्हणायचं तिथे सुम्मने.

आईने मोर्चा माझ्याकडे वळवला. "तिथे बोलायचं नसतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"तू झोपेतसुद्धा बोलतोस."

वडिलांनी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं. ते वर्तमानपत्र त्या दिवशीचं नव्हतं.

म्हणजे बघा, ख्रिस्ती आई मला मठात जाऊ देईना आणि खंडोबाची भक्त आत्या शिधा बांधायला बसली. गल्लीत तर तिने दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं होतं की आमचा मुलगा स्वामी होणार.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे, आणि हा किस्सा रंगवून सांगितला की कुणीतरी डोळा मारून विचारतं, तो झगा आवडला होता ना रे तुला? झगा आवडला होताच. पण नुसता झगा नव्हता. घरी हे सांगितलं त्याच्या आदल्या वर्षी चर्चच्या तरुण मंडळाबरोबर मी त्या मठात संध्याकाळच्या प्रार्थनेला गेलो होतो. म्हैसूरहून नंजनगूडच्या रस्त्याला, कडकोळचे कारखाने यायच्या आधी एक मातीचा फाटा लागतो, त्याच्या टोकाला. स्तोत्रं संपली आणि कुणी उठलंच नाही. सगळे नुसते बसून राहिले. माझ्या डोक्यात तर जन्मापासून कुठलं ना कुठलं नाटक चालूच असतं, मी आत येतो, मी बाहेर जातो, लोक टाळ्या वाजवतात. त्या संध्याकाळी ते नाटक थांबलं. पडदा पडला म्हणून नव्हे, आपोआप. तसं ते पुन्हा थांबावं म्हणून मी निघालो होतो, आणि कायमचं थांबणार असेल तर कायमचा राहायलाही माझी तयारी होती.

नवशिक्यांना घडवणारे एक फादर होते, मंगळूरकडचे, बारीक, सावळे, बोलताना स्वतःच्या नखांकडे बघणारे. आमचं बोलणं कन्नडमधून व्हायचं. ते म्हणाले, "आठवडाभर राहा. प्रार्थना कर, मळ्यात काम कर, संध्याकाळी माझ्याकडे येऊन बस. जाताना तू सांग काय वाटतं ते. मग मीही सांगेन."

मौन मला भलतंच मानवलं. मठात मिठाला, पाण्याला, भाताला हातवारे ठरलेले होते. बोलायला बंदी, पण अभिनयाला नाही, हे माझ्या लक्षात यायला एक जेवण पुरलं. दोन दिवसांत मी इतरांचे हातवारे शिकलो आणि पुढे स्वतःचे बनवू लागलो. मळ्यात तुतीतलं तण काढताना मी शेजारच्या ब्रदरांना नुसत्या भुवयांनी सांगितलं की माझ्या पाठीचा कणा आता ऊन खाऊन पापड झालाय. त्यांना ते कळलंही, कारण ते दुसरीकडे बघून हसले. संध्याकाळी फादर म्हणाले, "आज तू पुष्कळ बोललास असं ऐकतो."

"एक शब्दही नाही, फादर."

"तेच ऐकलं."

त्या मठात जेवताना कुणी बोलायचं नाही, पण एकाने पंगतीच्या टोकाला उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवायचं. वाचणाऱ्याने मागाहून जेवायचं. नेहमीच्या वाचक ब्रदरांचा घसा बसला आणि पाहुण्यांत कन्नड स्वच्छ येणारा मी. पुस्तक माझ्या हातात आलं. वाळवंटातल्या जुन्या संन्याशांच्या गोष्टी होत्या. त्या दिवशीची गोष्ट अशी, की एक चोर रात्री येऊन एका म्हाताऱ्या संन्याशाचा उंट घेऊन जातो आणि संन्यासी त्याच्यामागे धावत ओरडतो, अरे थांब, त्याचा चारा राहिला.

मला सांगा, हे सरळ कसं वाचायचं?

चोराला मी मंड्याच्या बाजारातलं कन्नड दिलं. संन्याशाला आमच्या हेडमास्तरांचा दमेकरी आवाज. आणि उंट. पुस्तकात उंट बोलत नाही, हे मला मान्य आहे. पण तो अंधारात ओळखीचं घर सोडून परक्या माणसाबरोबर निघालाय, त्याला काहीतरी वाटत असेलच. मी मान लांब केली, खालचा ओठ सोडला आणि त्याचं जे काय वाटणं होतं ते नाकातून काढलं.

आधी कुणाचा तरी चमचा पडला. मग फाटकावरच्या त्या म्हाताऱ्या ब्रदरांना सार पिताना ठसका लागला, शेजारच्याने त्यांच्या पाठीत थोपटायला हात उचलला आणि तो स्वतःच टेबलावर कपाळ टेकून हलू लागला. वर्षानुवर्षं शांत जेवलेली ती सगळी पंगत नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, तसेच सोडून हसत होती. मठाधिपतींनी टेबलावर टकटक केली, तीही जरा उशिरा. मी वाचन संपवलं आणि खरं सांगतो, टाळ्यांची वाट पाहिली.

संध्याकाळी फादरांनी नखांकडे बघत विचारलं, "उंट कशाला झालास?"

"गोष्ट पोचावी म्हणून."

"ती पोचली नाही. उंट पोचला. आमच्याकडे वाचणारा एका सुरात वाचतो. चढ नाही, उतार नाही. ऐकणाऱ्याला जे शब्द लागतील ते त्याने घ्यावेत. तू सगळ्यांच्या ताटात वाढून मोकळा झालास. कुणाला भूक होती का, विचारलं नाहीस." मग म्हणाले, "उद्या पुन्हा तूच वाच. रेल्वेचं वेळापत्रक वाचतोस तसं."

मी माघार घेणारा नव्हतो. रात्रीच्या प्रार्थनेपर्यंत विहिरीमागे उभा राहून मी सपाट वाचायचा सराव केला. विनोदी नट एकदा गंभीर भूमिका करायला निघाला की जसा जीव ओततो, तसा.

दुसऱ्या दिवशी मी वाचलं. दुष्काळात आपली भाकरी वाटून टाकणाऱ्या एका आजीची गोष्ट होती. ती मी एका सुरात वाचली, थांबे नाहीत, कुजबुज नाही, आजीला आवाज नाही. वाचत असताना मला मध्येच जाणवलं की हे जमतंय. आवाज माझा राहिलाच नव्हता. तो पंगतीवरून पाण्यासारखा निघाला होता. मी डोळे वर करून पाहिलं. सगळे खाली मान घालून जेवत होते. एक जण घास हातात धरून थांबला होता, ओल्या डोळ्यांनी, पण माझ्याकडे बघत नव्हता. ते म्हातारे ब्रदर ताटाच्याही पलीकडे कुठेतरी बघत होते. मी तिथे आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं.

त्या संध्याकाळी फादरांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. म्हणाले, "आज फार चांगलं वाचलंस. इतकं आमच्यातल्या काहींना दहा वर्षांत जमत नाही. मी तुला हो म्हणायच्या विचारात आहे."

बघा, मी ज्यासाठी आलो होतो ते मिळालं. आणि मला आनंद झाला नाही.

"फादर, कुणी वर पाहिलं नाही," मी म्हणालो.

"हो. तेच तर."

"मला ते सहन झालं नाही."

ते पुन्हा नखांकडे बघू लागले. मग म्हणाले, "आज की कधीच?"

याचा विचार करायला मी एक दिवस मागून घेतला. संध्याकाळच्या प्रार्थनेत जाऊन बसलो. ते डोक्यातलं नाटक थांबलंही, थोडा वेळ. पण थांबताक्षणी मला वाटलं, हे कसं थांबलं ते कुणाला तरी सांगायला हवं. कुणाला सांगू याची मी मनात यादी करू लागलो, आणि तिथे मला उत्तर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फादरांना नाही म्हणालो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. ते म्हणाले की देव सगळ्यांना एकाच दाराने बोलावत नाही. वर असंही म्हणाले की मठाच्या जेवणाची मात्र आता सुटका झाली.

नेमकी त्याच सकाळी आत्या आली, जरीकाठी साडी नेसून, स्वामी झालेला भाचा बघायला. फादरांना तिने वाकून नमस्कार केला आणि थेट विचारलं, "नापास केलंत काय हो माझ्या मुलाला?"

"नाही. पास झाला होता. त्यानेच नको म्हटलं."

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा मौनात गेलो. बसमध्येही ती खिडकीकडे तोंड करून बसली. तिला आता गल्लीत काय सांगायचं हा प्रश्न होता. कडकोळहून पाळी सुटलेले कामगार बसमध्ये दाटीवाटीने उभे होते. बराच रस्ता गेल्यावर ती म्हणाली, "पास झालास, आणि नको म्हटलंस. हौदा?"

"खरंच."

"का?"

मी सांगायला सुरुवात केली. हळूच, तिच्यापुरतं. पण चोर मंड्याचा असल्यामुळे त्याला हळू बोलता येईना. उंटापर्यंत आलो तेव्हा पुढच्या बाकावरची बाई पूर्ण मागे वळली होती आणि दांड्याला लोंबकळणारे दोघे आपला थांबा सोडून ऐकत होते. आत्याने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. मग डोळे पुसून ती त्या बाईला कन्नडमध्ये म्हणाली, "आमचाच आहे. स्वामी लोकांनी ठेवून घेतला होता, आम्हीच परत आणला."

गल्लीतही तिने हेच सांगितलं.