काट्याचा लगाम

लगामाला दोष देण्यात अर्थ नाही. लोखंडाला अक्कल नसते. अक्कल आमच्या घरात होती, असा निदान आमच्या गावात समज होता.

माझे चुलते गावातले मोठे जमीनदार. एक साहेब दौऱ्यावर रनाळ्याला जाताना आमच्याकडे थांबणार असं कळलं, आणि त्यांनी ठरवलं की साहेबापुढे घोडी नाचवायची, तीही स्वतः बसून. घोडी आदल्या वर्षीच सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली, पांढरी, कानाशी तांबूस. तिला शिकवणारा चाबूकस्वार नंदुरबारचा एक म्हातारा मुसलमान. सगळे त्याला चाचा म्हणत. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो आणि शाळा सुटल्यावर त्याच्याकडे घोड्यावर बसायला शिकत होतो.

चाचाची रीत पाहून चुलत्यांचा जीव वरखाली होई. पहिला महिनाभर तो घोडीवर बसलाच नाही. नुसता तिच्या बरोबरीने चालला. ती थांबली की हाही थांबायचा. पुढे बसू लागला तेव्हा तिने एक पाय मनासारखा उचलला की लगेच खाली उतरायचा, तिची मान थोपटायचा, आणि त्या दिवशीचं काम संपलं. एका पावलाला एक दिवस, असं चुलते चारचौघांत कुजकटपणे सांगत. पण वर्षभराने ती ढोलावर जागच्या जागी अशी पावलं टाकू लागली की बघणाऱ्याला वाटावं, हौस तिलाच आली आहे. आली होतीच. खूण एवढीच होती: हात सैल सोडला की नाचायचं, ओढ लागली की उभं राहायचं. मला ते जमायला तीन महिने लागले. मास्तरकीत सैल सोडण्याची सवय नसते.

चाचाने हे सगळं चुलत्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि बाजारातून आतल्या बाजूला काटे असलेला लगाम आणला. सैल लगामाने स्वार दरिद्री दिसतो आणि घोड्याची मान पडते, असं त्यांचं शास्त्र होतं.

"पाटील, घोडी तुमनी शे," चाचा म्हणाला. "तोंड तिन्हं शे."

"तोंड बी मीच इकत लिधं," चुलते म्हणाले, आणि ओट्यावरची मंडळी हसली.

चाचा त्या लगामाला हात लावीना. मग चुलत्यांनी माझ्याकडे पाहिलं. घोडी मला ओळखत होती. मी जवळ गेलो, तिने सवयीने तोंड उघडलं, आणि मी काटे आत सरकवून पट्टा आवळला. जुलूम आणि क्रांत्या यांवर मी त्या वर्षी बरंच वाचन केलं होतं.

साहेब आला. तोरणं होती, खुर्च्या होत्या, चुलत्यांच्या डोक्यावर जरीचा फेटा होता. ढोल सुरू झाला आणि त्यांनी लगाम खेचला. घोडी उभी राहिली. टाच मारली, आणखी खेचला. ती आणखी स्थिर. तोंडाच्या फेसात लाली आली, मग ती छातीवर ओघळली, तरी तिने पाय उचलला नाही. ओढ लागली की हलायचं नाही, हेच तिला शिकवलं होतं. त्या मंडपात तिच्याइतका आज्ञाधारक जीव एकच होता, आणि तो ढोलाशेजारी मास्तरकीच्या सदऱ्याची बटणं लावून उभा होता.

साहेबाने घड्याळ पाहिलं, जनावर देखणं आहे म्हणाला आणि मोटारीत बसला. चुलते खाली उतरले आणि सगळ्यांदेखत चाचाला म्हणाले की वर्षभर फुकट खाल्लंस, घोडीला काहीच येत नाही. तिला काय येत होतं ते मला नेमकं ठाऊक होतं. मी खुर्च्या आवरायला लागलो.

संध्याकाळी चाचा मिठाच्या कोमट पाण्याने तिचं तोंड धूत होता. जीभ चिरली होती. मी भांडं धरायला वाकलो, तर तिने मान झटक्याने वर नेली आणि दात घट्ट मिटले.

"मास्तर, आते तुम्ही हात लावू नका," चाचा म्हणाला.

जखम भरल्यावर ती चाचाच्या हातून साधा लगाम घेऊ लागली. पुढे चुलत्यांच्या हातूनही घेई. खेचणारा माणूस तिच्या पाठीवर होता, तो तिला दिसलाच नव्हता. चढवणारा समोर होता. माझ्या हातून तिने पुन्हा कधी लगाम घेतला नाही. चुलत्यांना याची फार गंमत वाटे. पाहुणे आले की ते मला मुद्दाम लगाम घेऊन तिच्यापुढे उभं करत, आणि मी उभा राहत असे.