तुळसाबाईंनी माईकवर वाचलेला हिशेब

सांगवीच्या तुळसाबाई अंगणवाडीतल्या मदतनीसाच्या कामातून निवृत्त झाल्या, त्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि 'आता आराम करा' असा फुकटचा सल्ला मिळाला. शाल त्यांनी सुनेला दिली, नारळाची चटणी केली आणि सल्ला तिथंच सोडून आल्या. पुढच्याच हंगामात बाई सोमेश्वरनगरच्या बाजूला, ऊसतोड मजुरांच्या कोप्यांत, त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांत, पाळणाघर मांडून बसलेल्या!

कारण साधं होतं. एकदा एसटीतून जाताना त्यांनी बघितलं, उसाच्या फडाच्या कडेला वाळल्या पाचटावर एक तान्हं निजलेलं आणि ट्रॅक्टरची ट्रॉली मागं मागं येतेय. कुणीतरी बोंब ठोकली म्हणून पोर वाचलं. पण ते पाचट आणि ती ट्रॉली बाईंच्या डोळ्यांपुढून काही केल्या हलेना. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि तो कोयता दिवस उगवायच्या आत फडात गेलेला असतो. मग पोरं कुणी बघायची? बाईंनी ठरवलं, आपण बघायची. त्याला आता सहा हंगाम झाले. ताडपत्रीची एक मोठी कोपी, मदतीला दोन बायका आणि बेचाळीस पोरं, असा सगळा कारभार.

पैसा चार ठिकाणांहून यायचा. दूध पुण्यातल्या एका ट्रस्टचं. तिथल्या अधिकारी मेघनाताई. पांघरुणं इंदापूरचे डाळिंबाचे व्यापारी राजवर्धनशेठ आणि त्यांचं मित्रमंडळ द्यायचं. पाट्या-पुस्तकं मुंबईच्या एका संस्थेची आणि दोघी मदतनीस बायकांचा पगार बारामतीच्या एका क्लबाचा. देणारी माणसं सोन्यासारखी, त्याबद्दल वाद नाही. पण प्रत्येकाचा फॉर्म निराळा हो! एकाला हिशेब महिन्याचा हवा, दुसऱ्याला तिमाहीचा, तिसऱ्याला इंग्रजीत. आणि चौथ्याला तर मुलांच्या आनंदात झालेली वाढ टक्क्यांत पाहिजे. आता आनंद म्हणजे काय ऊस आहे, वजनकाट्यावर घालायला? पण बाई बिचाऱ्या पोरांना झोपवून चष्मा लावायच्या आणि टक्के भरायच्या. 'गेल्या वेळी साठ लिहिलं होतं, आता पासष्ट लिहू,' असा तो सगळा प्रकार.

घोळ झाला तो फोटोनं. प्रत्येक फॉर्माला लाभार्थ्याचा फोटो लागे. बेचाळीस पोरांत मोबाईलपुढं गप उभी राहणारी एकच, नकोशी नावाची पाच वर्षांची पोरगी. बाकीची सगळी मोबाईलवरच झडप घालायची. म्हणून बाईंनी चारही फॉर्मांना तिलाच उभी केली. एकात हातात दुधाचा पेला, एकात अंगावर पांघरूण, एकात पाटी, एकात मदतनीस बाईच्या कडेवर. आणि चारही फॉर्मांत खरंखुरं लिहिलं, लाभार्थी मुलं बेचाळीस.

पुण्यात कुणा हुशार माणसानं चौघांचे अहवाल मिळवून शेजारी शेजारी ठेवले. बेरीज केली तर एकशे अडुसष्ट पोरं, आणि फोटोत पोरगी एकच! झालं. ऐन जानेवारीत ट्रस्टचं पत्र आलं. एकच मूल चौघांना दाखवून निधी घेतला जातो काय, याचा खुलासा करा. तोवर दुधाचा हप्ता थांबवला आहे.

बाई तडक दूधवाल्याकडं गेल्या. दूधवाला भला, आठ दिवस उधारीवर घालीन म्हणाला. पण आठ दिवसांनी काय? दूध बंद झालं की आया म्हणणार, पोरं इथं उपाशी ठेवण्यापेक्षा फडात नेतो. म्हणजे पुन्हा ते पाचट आणि पुन्हा ती ट्रॉली. दोन दिवस बाई नुसती आकडेमोड करत बसल्या.

तिसऱ्या दिवशी मात्र त्यांना एकदम सुचलं, आणि इतकं सुचलं की त्या भाकरी थापता थापता तव्यावरची भाकरी विसरल्या! सांगवीत भीमजयंती झाली की मंडळाची माणसं विहारापुढं बसून जमाखर्च माईकवर वाचतात. वर्गणी कुणाची किती, मंडपाला किती, बँडला किती, शिल्लक किती. मग विचारतात, कुणाला शंका? ज्याला शंका असेल त्यानं उभं राहायचं, आणि मंडळानं तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. आख्खं गाव हिशेब ऐकतं, कुणाला फॉर्म लागत नाही. मग आपलंच काय म्हणून चार तुकडे करायचे? पोरं तीच, कोपी एक, मग हिशेबही एकच!

बाईंनी चौघांना फोन लावले. साखर कारखाना साफसफाईसाठी एक दिवस बंद राहणार होता, म्हणजे सगळे मजूर कोप्यांवर असणार. तोच दिवस धरला. मुंबईच्या संस्थेनं आणि क्लबानं कळवलं, तुम्ही वाचा, आम्हाला प्रत पाठवा. राजवर्धनशेठ डाळिंबाची क्रेट घेऊन हजर झाले. मेघनाताई आल्या त्या पर्समध्ये प्रश्नांची यादी घेऊनच. मंडळाच्या पोरांनी सांगवीहून स्पीकर आणून बांधला आणि बघता बघता दीडशे-दोनशे माणूस पाचटावर मांडी घालून बसलं. बाईंनी चष्मा पुसला, लावला, काढून पुन्हा पुसला.

पण वाचायला लागल्या आणि आवाज सुटला. दूध ट्रस्टचं, रोजच्या रोज, इतके रुपये. पांघरुणं इंदापूरची, इतकी. पाट्या इतक्या, फुटल्या इतक्या. पोरं सगळी मिळून बेचाळीस, आणि त्यांना चौघांचंही मिळतं. लोक माना डोलवत होते. मेघनाताईंनी यादीतला पहिला प्रश्न आपणहून खोडला. बाईंना ते दिसलं आणि असा आनंद झाला म्हणून सांगू! मग रिवाजाप्रमाणं त्यांनी विचारलं, कुणाला शंका?

बीडकडच्या टोळीतली गोजरबाई उठली. तिची दोन नातवंडं पाळणाघरात होती.

"दूध रोजच्या रोज म्हन्ता. दिवाळी झाल्यावर तीन दिस दूध न्हवतं. माजी नातवंडं कोरडी आली घरी. त्ये पैसं कुटं गेलं?"

राजवर्धनशेठ हातातल्या डाळिंबाकडं बघायला लागले. शंका अगदी बरोबर होती. ट्रस्टच्या फॉर्मात ते तीन दिवस दूध वाटलं असंच लिहिलेलं होतं. त्यांच्या मनात आलं, म्हणावं की तुझी काहीतरी चूक होतेय. एका शब्दात निभावलं असतं, हप्ताही सुटला असता. पण माईक हातात होता आणि पुढं सगळी टोळी बसलेली.

"व्हय," बाई म्हणाल्या, "त्ये पैसं मी वापरलं. पल्याडच्या टोळीतल्या पोराला इंचू चावला. जीप करून बारामतीला नेलं, इंजेक्शनं दिली. पोर वाचलं. पण चारी फॉर्मात इंचवाचा रकाना न्हाय, म्हणून दूध वाटलं असं खोटं लिहिलं. चूक माझी हाय."

मागच्या बाजूला एक बाई पोर छातीशी धरून उभी राहिली. पोराचा पाय वर करून त्यावरची खूण तेवढी तिनं दाखवली. मग माणसं एकमेकांत बोलायला लागली आणि बघता बघता सगळा गलकाच झाला. पण गोजरबाई काही खाली बसायला तयार नाही. तिनं मेघनाताईंकडं बोट केलं.

"बाईंनी आपलं सांगितलं. आता ह्यांनीबी सांगावं की. दूध सुरू व्हनार का न्हाई?"

आता आली का पंचाईत! मेघनाताईंनी इकडंतिकडं बघितलं, पण माईक त्यांच्या हातात गेलासुद्धा. त्या सुरुवातीला अडखळल्या, मग सरळ बोलल्या. हप्ता थांबवायच्या पत्रावर सही त्यांचीच होती. चार वर्षं त्या इथले फॉर्म तपासत होत्या आणि विंचवाची गोष्ट त्यांना आज कळत होती. इथून पुढं ट्रस्ट हाच एक कागद अहवाल म्हणून घेईल, असाच सगळ्यांसमोर वाचलेला. बाकी तिघांनीही तोच घ्यावा, हे त्या स्वतः बोलतील. अडीअडचणीला थोडे पैसे वेगळे देतील. आणि हप्ता सोमवारी जमा होईल.

"लिवून द्या," गोजरबाई म्हणाली.

काय हसले लोक! राजवर्धनशेठ तर गुडघ्यावर थाप मारून हसले. तुळसाबाईंचे डोळे गळत होते आणि तोंड हसत होतं, आणि पदर नक्की कशाला लावावा ते त्यांना कळेना. त्यांनी तोच हिशेबाचा कागद पुढं केला. दुधाच्या ओळीतले ते तीन दिवस खोडून तिथं जीप आणि इंजेक्शनं असं लिहिलं. खाली मेघनाताईंनी सोमवारची तारीख घातली आणि सही केली. साक्षीदार म्हणून गोजरबाईचा अंगठा घ्यायचं ठरलं, शाईचा पॅडही आला.

गोजरबाईनं अंगठा पाठीमागं लपवला. आधी वाचून दाखवा म्हणाली, सगळा, पहिल्यापासून. मेघनाताई तिच्याशेजारी पाचटावर बसल्या आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या.