वेखंडाचा एक वेढा

मला हार मानायची सवय नाही. मुरुडमधल्या आमच्या आळीत हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्यामुळे मागच्या वर्षी मी एका डॉक्टरसमोर मान खाली घालून उभी होते, हे कुणाला खरं वाटायचं नाही. पण ते मलाच सांगायचंय. त्या दिवसाचे फार उपकार आहेत माझ्यावर, आणि ते नुसते मनात ठेवून चैन पडत नाही.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती नवी मुंबईत नोकरी करते. मुलगी झाली, सगळं छान झालं. प्रश्न एकच होता, सहा महिन्यांची रजा संपली की बाळाला सांभाळायचं कुणी? लेकीनं तिच्या घराजवळचं एक पाळणाघर बघून ठेवलं होतं. मला मात्र नात इथे, माझ्यापाशी हवी होती. विषय काढला की लेक म्हणायची, "बघू या, आई." या 'बघू या'चा अर्थ न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. माझी परीक्षा चालू होती.

नात दोन महिन्यांची झाली आणि रोज दिवेलागणीला रडायला लागली. गुडघे पोटाशी घ्यायची, लालबुंद व्हायची. आमच्या घरात यावर उपाय ठरलेला, गुटी. मुरडशेंग, हिरडा, जायफळ, वेखंड हे एकेक सहाणेवर आईच्या दुधात उगाळायचं आणि बाळाला चाटवायचं. माप वेढ्यांचं. सहाणेवर एकदा गोल फिरवलं की एक वेढा. बाकीच्यांचे दोन-तीन झाले तर चालतील, पण वेखंडाचा एकच, हे सासूबाईंनी मला बजावून शिकवलं होतं. दिसायला ते बोटाएवढं, वाळून सुरकुतलेलं मूळ. पण जहाल. जास्त गेलं की उलट्या. या मापावर माझी दोन्ही मुलं वाढली, म्हणून माझा त्यावर गाढ विश्वास.

लेकीनं साफ नाही म्हटलं. "सहा महिने माझ्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही."

"मग तू काय वाऱ्यावर वाढलीस?" मी म्हटलं.

"आई, नाही म्हणजे नाही."

स्वभाव कुणावर गेलाय ते वेगळं सांगायला नको.

एका संध्याकाळी ती दमून झोपली होती आणि नात माझ्या खांद्यावर कळवळत होती. मी हळूच स्वयंपाकघराचं दार लोटलं. उकळून गार केलेल्या पाण्यात मोजून वेढे दिले, वेखंडाचा एकच, आणि बोटानं चाटवलं. पोर गप्प झाली. मी मनात म्हटलं, घ्या, आता बोला.

पंधरा मिनिटांत तिनं पहिली उलटी केली. मग दुसरी. मग पोटात काही उरलं नाही तरी तिला उमासे येत राहिले, आणि बघता बघता ती मलूल होऊन मान टाकायला लागली. लेक धडपडत उठून आली. "आई, हिला काय झालं?"

"काय की," मी म्हटलं.

हे दोन शब्द अजून माझी पाठ सोडत नाहीत.

रडारड ऐकून शेजारच्या खाला आल्या, आळीतल्या सगळ्यांच्या त्या मावशीच. त्यांचे मुलगे आखातात असतात, सगळी नातवंडं त्यांच्याच हाताखाली वाढलेली. त्यांनी बाळाला घेतलं, तोंडाचा वास घेतला आणि पुन्हा लेकीच्या हातात दिलं. मग मला स्वयंपाकघरात बोलावलं. सहाण मोरीत तशीच पडली होती. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"ही नवी हाय?"

नवीच होती. ओटा नव्यानं बांधला तेव्हा सासूबाईंची सहाण गवंड्याच्या हातून फुटली, आणि मी बाजारातून ही आणली होती. आणल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदाच वापरली होती.

"जुनी गुळगुळीत होती गो. हिच्यावर एका वेढ्यात तिच्या पाच वेढ्यांचं उतरतं."

जन्मभर मी वेढे मोजत आले. दगडावर उतरलंय किती, ते कधी डोळे उघडून पाहिलंच नाही.

"तुम्ही तिला सांगणार का?" मी विचारलं.

"मी न्हाय सांगणार. डॉक्टर विचारील. तुझ्या तोंडानं तू सांग." आणि त्या रिक्षा बोलवायला गेल्या.

रिक्षातल्या त्या दहा मिनिटांत मी काय केलं असेल? तोलून पाहिलं. सांगितलं तर नात पाळणाघरात गेलीच म्हणायची, हे मला स्वच्छ दिसत होतं. ती तिकडे आईच्या मांडीवर मान टाकून पडलेली, आणि मी इकडे हे तोलत होते. लाज वाटते, पण खरं आहे.

डॉक्टरांनी तपासता तपासता विचारलं, "घरचं काही औषध दिलंत?"

माझ्या आधी लेकच म्हणाली, "नाही, डॉक्टर. आईला मी सांगून ठेवलंय. ती नाही देणार."

ती नाही देणार. इतक्या खात्रीनं म्हणाली ती. मग मला राहवेना.

"दिलं. मी दिलं. वेखंड. सहाण नवी होती, जास्त उतरलं."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. एसटीत शेजारी बसलेल्या परक्या बाईकडे पाहावं, तसं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "बरं केलंत आत्ता सांगितलंत. नाहीतर मी भलतंच शोधत बसलो असतो." त्यांनी लगेच सलाइन लावलं आणि बाळाला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नात डोळे उघडून दूध प्यायली, तेव्हा मी भिंतीला टेकून ढसाढसा रडले. नंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन चांगलं फैलावर घेतलं. एवढ्याशा जिवाला हे द्यायचंच नाही, सहाण जुनी असो की नवी. मी मान खाली घालून उभी होते. भल्या माणसानं ते लेकीसमोर केलं नाही, ते मी विसरणार नाही.

घरी येऊन वेखंडाची पुडी चुलीत घातली. खालांनी तो विषय पुन्हा कधीच काढला नाही. कुंपणापलीकडून रोज विचारायच्या, "पोरगी दूध पिली?" बस्स, तेवढंच. अशी शेजारीण नशिबानंच मिळते.

लेक मात्र कामापुरती बोलायची. मी तिला डिंकाचे लाडू करून द्यायचे, पाणी तापवायचे, आणि तिनं दिल्याशिवाय बाळाला उचलायचे नाही. असे चार महिने गेले. रजेच्या शेवटच्या आठवड्यात मी नातीची झबली घडी करून लेकीच्या बॅगेत भरत होते. कोणी सांगितलं नव्हतं, पण आता विचारायचं तरी कुठल्या तोंडानं? लेक आली, तिनं झबली बॅगेतून काढली आणि परत माझ्या कपाटात ठेवली.

"अगं, तिकडे लागतील," मी म्हटलं.

"पाळणाघराला 'नको' म्हणून कळवून टाकलं. दर शनिवारी येईन मी." ती माझ्याकडे पाठ करून झबली रचत राहिली. "तिथं काही चुकलं असतं, तर मला कुणी सांगितलं असतं का, आई? तू सांगितलंस."